ज्याचा आकडा मोठा

१

घरात यंत्रं अकरा होती आणि ठेवायची होती चार. तीही शनिवारच्या आत. हा हुकूम माझ्या धाकट्या बहिणीचा, ग्लायझाचा. वय एकोणीस, नर्सिंगचं दुसरं वर्ष, आणि जीभ अशी की एखाद्या सासूने तिच्याकडे शिकवणी लावावी.

"मनांग, सोमवारी आई येतेय. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर ती काय तुझ्या राउटरवर उशी टाकून झोपणार?"

मनांग म्हणजे थोरली बहीण, म्हणजे मी, रोव्हेलिन. वय बत्तीस, लग्न नाही, नेटवर्कच्या परीक्षेत दोनदा नापास. तिसऱ्यांदा बसायचं होतं ते महिनाअखेरीला. पास झाले तर सिंगापूरची नोकरी जवळजवळ हातात होती. ही परीक्षा पुस्तकं घोकून होत नाही, हात बसावा लागतो. म्हणून चार वर्षं मी लोकांनी टाकून दिलेले राउटर आणि स्विच, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणारी खोकी, गोळा करत होते. ते लोखंडी मांडणीवर रचायचे, एकमेकांना जोडायचे, मुद्दाम बिघडवायचे आणि पुन्हा सुधारायचे. मांडणी बाहेरच्या खोलीत होती आणि नेमकी तिथेच आईची खाट लागणार होती.

आम्ही इलोइलो शहरात राहतो, ला पाझच्या बाजाराजवळ, एका बेकरीच्या माडीवर. दोन खोल्या आणि अकरा पायऱ्यांचा लाकडी जिना. मी रात्रपाळी करते, त्यामुळे माझी रात्र सकाळी सुरू होते. खिडकीला घोंगडी ठोकायची, खाली बेकरीत पीठ आपटायचा धप्प धप्प आवाज ऐकत झोपायचं, दुपारी एकला उठायचं आणि अभ्यासाला बसायचं. ग्लायझा पावणेदोनच्या सुमारास कॉलेजातून येते. वर्षभर हे असंच चाललं होतं आणि मला त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

मंगळवारी आम्ही दोघी मांडणीसमोर बसलो. हा राउटर जुना, पण परीक्षेत येतं ते सगळं करतो, म्हणून ठेवायचा. त्याच्या पंख्याचा आवाज डासासारखा, म्हणून विकायचा. हा घेताना मी एक महिना दुपारचं जेवण सोडलं होतं.

"म्हणून ठेवायचा?" ग्लायझा म्हणाली. "नवरा निवडतानासुद्धा तू एवढा जीव जाळणार नाहीस."

"नवरा पुसून कोरा करता येत नाही गं."

ती खो खो हसली. तिचं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

२

खरं तर यंत्रं दहाच असायची. अकरावं मी आदल्याच दिवशी, सोमवारी आणलं होतं. विकायला बसलेल्या बाईने आणखी एक विकत आणावं, यावर ग्लायझा काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

चोवीस भोकांचा जुना स्विच. प्रत्येक भोकावर एक बारका हिरवा दिवा, केबल लावली की पेटणारा. भंगारवाल्या एस्तोंगने, आमच्या मनोंगने म्हणजे दादाने, जवळजवळ फुकटच दिला. वजनाला दगड होता.

आता माझी चूक सांगते. आमच्या धंद्यातलं कोणीही ऐकलं तर कपाळावर हात मारेल. हे स्विच एकमेकांशी बोलतात. जोडलेल्या संगणकांच्या कोणत्या गटाचं नाव काय, याची एक यादी त्यांच्यात असते, आणि त्या यादीला एक आकडा असतो. यादीत फेरफार केला की आकडा एकाने वाढतो. दोन स्विच जोडले की ते आकडे बघतात. ज्याचा मोठा, त्याचं खरं. धाकट्या आकड्याचा स्विच आपली यादी निमूट पुसून टाकतो आणि थोरल्याची उतरवून घेतो. भांडण नाही, तंटा नाही. म्हणून जुना स्विच आणला की आधी तो कोरा करायचा आणि मगच जोडायचा. पहिल्या महिन्यात हेच शिकवतात. माझ्या मागच्या परीक्षेत यावर प्रश्नही होता.

सोमवारी सकाळी रात्रपाळीचे डोळे जळत होते आणि मी तो तसाच जोडला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

माझ्या चार स्विचचा आकडा होता छत्तीस. त्याचा होता चार हजार चारशे सतरा. पापणी लवायच्या आत माझी चारही पोरं बापाचं नाव विसरली. 'हिशेब', 'पाहुणे', 'कचेरी' ही माझी नावं गेली, आणि त्यांच्या जागी आली जिना, स्वयंपाकघर, न्हाणी, खाट. आणि शेवटचं, चोविसाव्या भोकाचं नाव होतं सिया.

आमच्या बोलीत तो आणि ती असं वेगळं काही नसतं. बाई असो, बुवा असो, शब्द एकच: सिया. एखाद्याने घरातल्या प्रत्येक खोलीला एक गट करावा, इथवर ठीक. वेडे लोक असतात, मीही त्यातलीच. पण माणसाला गट कशाला?

मी हसले, लॅपटॉप मिटला आणि झोपले.

३

मंगळवारी यंत्रांची वाटणी करून ग्लायझा आंघोळीला गेली. मी जुना स्विच विकायच्या ढिगात ठेवला होता. जेवून आले तर तो मांडणीवर, जोडलेला. म्हटलं, सवयीने आपणच उचलला असेल. पुन्हा ढिगात ठेवला. बुधवारी उठले तर पुन्हा मांडणीवर. केबलींना माझ्याच पद्धतीची गाठ होती.

त्या दुपारी मी समोर बसले असताना पहिला दिवा पेटला. भोक रिकामं होतं. त्याचं नाव जिना. पाठोपाठ लाकडावर पावलं वाजली आणि ग्लायझा वर आली. ती पाणी प्यायला वळली तसा स्वयंपाकघराचा दिवा लागला. आणि मग शेवटचा, चोविसावा. तो पेटला आणि पेटलेलाच राहिला.

मी त्या भोकात बोट घातलं. आत काही नव्हतं. जुन्या यंत्रात ओल धरते, दिवे वेडेवाकडे लागतात, हे मला माहीत आहे. पण ओल काही पायऱ्या चढत नाही.

आणखी एक गोष्ट. दिव्याचं बटण आमच्या दारात डाव्या हाताला आहे. गेले तीन दिवस माझा हात उजवीकडे जात होता. रिकामी भिंत चाचपायचा आणि बटण नाही म्हणून भिंतीवर फाडकन चापट मारायचा. चापट मारल्यावर मला बरं वाटायचं. कामावर जाताना मी जिना उतरायचे तेव्हा अकरा पायऱ्या संपल्यावरही पाय आणखी एक पायरी शोधायचा. दोनदा मी तोंडावर आपटता आपटता वाचले. बेकरीतली बाई म्हणाली, "पोरी, वर्षभर चढतेस-उतरतेस, अजून मोजता येत नाही?"

मी तिच्या अंगावर अशी काही खेकसले की तिच्या हातातली परात खाली पडली. आयुष्यात मी त्या बाईला अगं म्हटलेलं नाही.

४

"मनांग, ही कडी कोणी लावली?"

गुरुवारी ग्लायझा तिच्या खोलीच्या दारात उभी होती. कडी बाहेरून होती. नवी कोरी, चार स्क्रूंची.

"घरमालकाने लावली असेल."

"बाहेरून? मला काय कोंडून ठेवणार आहे तो?"

माझ्या हत्यारांच्या डब्यातल्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला त्या दाराचा निळा रंग लागलेला मी सकाळीच बघितला होता.

ग्लायझाने दप्तर ठेवलं आणि बाही वर सरली. दंडावर चार बोटं उमटली होती, काळीनिळी. मला एवढा संताप आला की कानात पीठ आपटल्यासारखं धप्प धप्प व्हायला लागलं. "कोणी हात लावला तुला? नाव सांग. तंगडं मोडते त्याचं."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"काही नाही. बसमध्ये गर्दी होती." मग हळूच म्हणाली, "तू झोपत जा गं थोडी. काल माझ्याशी कशी बोललीस, आठवतंय का?"

"कशी बोलले?"

"जाऊ दे."

चोविसावा दिवा तिच्यामागे शांतपणे जळत होता. आणि मला उलगडलं, निदान मला तसं वाटलं. ती आली की तो पेटतो. ती गेली की विझतो. म्हणजे तिच्या मागोमाग कोणीतरी घरात येतंय आणि तिच्याच मागोमाग बाहेर जातंय. सिया म्हणजे तो. कोणीतरी बाप्या.

मी तडक एस्तोंगच्या दुकानात गेले. तो मोडक्या खुर्चीत बसून बॅचोयच्या नूडल-सूपचा वाडगा तोंडाला लावून होता.

"मनोंग, तो स्विच कोणी विकला तुम्हाला?"

"आला होता एक जीव." त्याने अर्थात सियाच म्हटलं.

"बाई की बाप्या? धड सांगा ना."

"बाई. तुझ्याएवढीच असेल. उजव्या हाताला फडकं बांधलेलं, बोटं अशी सुजलेली टम्म. एका हाताने यंत्र उचलून आणलं बिचारीने. पैशाचं विचारलंच नाही. एवढंच म्हणाली, घेणारं माणूस एकटं राहतं का? घरात आणखी कोणी आहे ना?"

बिचारी. मला रडूच आलं. मार खाऊन खाऊन हात मोडून घेतलेली बाई, आणि जाताना दुसऱ्याची काळजी करते, की घेणारी एकटी नको, सोबतीला कोणी असू दे. म्हणजे तिला मारणारा तो या खोक्यातून आता माझ्या घरी आला होता. आणि माझ्या ग्लायझाचा दंड त्याला सापडला होता.

घरी येताच मी मांडणीचा एक खांब सोडवला. हातभर लांब, लोखंडी, कडा धारदार. हातात असा चपखल बसला की जणू मी तो रोज धरत होते.

५

शुक्रवारी सकाळी ग्लायझा जाताना म्हणाली, "आज रुग्णालयात सहापर्यंत ड्यूटी आहे. जेवायला थांबू नकोस."

बरं झालं, मी मनात म्हटलं. आज तो एकटा आला तर आमने-सामने होऊन जाऊ दे.

मी झोपले नाही. घोंगडी खिडकीवर तशीच ठेवली आणि मांडणीकडे तोंड करून बसले. खाली पीठ आपटत होतं. एकला काही नाही. दीडला काही नाही. लॅपटॉपवर आकडा बघितला: चार हजार चारशे एकवीस. मी यादीला हात लावला नव्हता, तरी तो रोज एकाने वाढत होता.

एक चाळीसला जिन्याचा दिवा पेटला.

ग्लायझा सहाला येणार होती. मी उठले आणि दाराआड उभी राहिले. पावलं दमानं येत होती, दबकत, आत कोणी झोपलंय हे माहीत असलेल्या माणसासारखी. दार उघडलं. अंधारात एक आकृती वाकून चपला काढत होती. मांडणीवर चोविसावा दिवा लागला.

मी मारलं.

पहिला घाव निम्मा चौकटीवर बसला आणि माझ्या बोटांतून कळ गेली. आकृती ओरडली. दुसरा खांद्यावर बसला आणि आतून सुकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. तिसरा तोंडावर. चौथा मला नीट आठवतो, कारण तो घालताना मी पाय रोवून उभी होते आणि खांब दोन्ही हातांनी धरला होता.

"मनांग! मनांग, मी आहे!"

मीच मला विचारते, आवाज कधी ओळखलास? आणि मलाच सांगते की चौथ्यानंतर. खोटं आहे ते. मी पहिल्यानंतरच ओळखला होता. माझी बहीण आहे हे मला ठाऊक होतं आणि हात थांबत नव्हता. त्याहून वाईट सांगू? हाताला थांबायचंच नव्हतं. भिंतीला चापट मारल्यावर वाटायचं तसं मला बरं वाटत होतं.

मी खांब टाकला तेव्हा तिने तोंडाशी दोन्ही हात धरले होते आणि बोटांमधून रक्त जमिनीवर ठिबकत होतं. पायाशी पानदेसालची पिशवी फुटून पाव सांडले होते. ड्यूटी रद्द झाली होती. माझी झोप मोडू नये म्हणून ती दबकत आली होती.

६

गळ्याजवळचं हाड मोडलं. दोन दात गेले. ओठाला सात टाके.

"कशाने झालं?" डॉक्टरने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत ग्लायझा म्हणाली, "जिन्यावरून पडले."

तिला हे कोणी शिकवलं? मी नाही. पण तिने ते इतकं सहज म्हटलं की जणू आधी खूपदा म्हणून झालं होतं. मग माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. नर्सने माझ्या उजव्या हाताला फडकं बांधून दिलं. बोटं टम्म सुजली होती.

ते फडकं बघता बघता मला कळलं. स्विच विकणाऱ्या त्या बाईने मार खाल्ला नव्हता, दिला होता.

शनिवारी मी एकटी घरी आले आणि पाचही स्विच एकदम बंद केले. एक जरी चालू राहिला तरी तो बाकीच्यांना पुन्हा शिकवतो. एकेक करून सगळ्यांची स्मृती पुसली. आकडा शून्य. नावं नाहीत. चोवीस दिवे काळे. मी जमिनीवर बसून ढसाढसा रडले. मग चार यंत्रं निवडली, दोन राउटर आणि माझे दोन स्विच. सहा घेऊन जायला एक विद्यार्थी आला. इतके दिवस घातलेला घोळ दहा मिनिटांत मिटला.

अकरावं मी स्वतः एस्तोंगकडे नेलं, एका हाताने उचलून. तो माझ्या फडक्याकडे बघत राहिला. वाडगा त्याने खाली ठेवला.

"पैसे नकोत," मी म्हटलं. "कोरा केलाय." तिथेच थांबायचं होतं. पण तोंडातून पुढचं निघालंच. "घेणारं माणूस एकटं राहतं का? घरात आणखी कोणी आहे ना?"

"जा तू इथून," एस्तोंग म्हणाला. म्हातारा उठून उभा राहिला होता.

७

रविवारी ग्लायझा घरी आली. कुठे जाणार दुसरीकडे? मी तिला मऊ भात भरवला. प्रत्येक घासाला ती डोळे मिटत होती. मी पाया पडून माफी मागितली. ती म्हणाली, "झोप गं मनांग. नीट झोप, म्हणजे जाईल." एवढं होऊनही तिला माझीच काळजी होती.

आज सोमवार. दुपारी एकला उठले तर तिच्या दाराला कडी घातलेली होती. आतून ती हळूहळू दार ठोठावत होती. कडी काढायला मी उठले, खरंच उठले. पण पाय मांडणीकडे गेले आणि मी लॅपटॉप उघडला. म्हटलं, परीक्षा जवळ आलीय, कोऱ्या स्विचवर पहिल्यापासून सुरुवात करू. गटांची नावं टाकू.

सुजलेली बोटं किती भराभर चालली! जिना. स्वयंपाकघर. न्हाणी. खाट. सिया. मी आकडा बघितला. कोऱ्या यंत्रावर पाच नावं टाकली तर तो पाच असायला हवा. चार हजार चारशे बावीस होता.

यंत्रं मी पुसली होती, मला कोण पुसणार?

"मनांग," आतून आवाज आला. टाक्यांमुळे तिला शब्द नीट फुटत नव्हते. "मनांग, आईला फोन कर. सांग, येऊ नकोस म्हणून."

फोन शेजारीच होता. उजव्या हातात लोखंडी खांब होता, तो मी कधी उचलला माहीत नाही. डाव्या हाताने मी यादीत सहावं नाव टाकलं. आई. आकडा एकाने वाढला.

खोलीत फार अंधार होता. मी दिवा लावायला हात लांब केला, उजवीकडे, रिकाम्या भिंतीवर. बोटाखाली बटण होतं. ते दाबलं आणि खोलीत लख्ख उजेड पडला.

खाली रिक्षा थांबली. बेकरीवाली कोणाशी तरी बोलली. मग पहिली पायरी वाजली. एका डोळ्याला पट्टी, हातात गाठोडं, म्हातारी एकेक पायरी चाचपत चढत होती.

"आई!" ग्लायझा आतून दारावर धडका मारायला लागली. "आई, वर येऊ नकोस!"

"आले गं, आले," आई जिन्यातून म्हणाली. "काय घाई आहे!"

मी पायऱ्या मोजत होते. नऊ. दहा. अकरा झाल्या, म्हणजे आता ती दाराशी पोचायला हवी होती. ती अजून चढतच होती. बारा. मग दारावर टकटक झाली.